लॅपटॉप नव्हे, लय बिघडलीय!

ऊसबिल खात्यावर जमा झालं की कुंडल-पलूस पट्ट्यातल्या बऱ्याच घरांत एक यादी निघते. खताची उधारी, सोसायटीचं देणं, घराचं राहिलेलं प्लास्टर. घरातलं पोरगं किंवा पोरगी सांगली-कराडला शिकायला असेल तर त्या यादीत आणखी एक ओळ वाढते : लॅपटॉप. दुकानात गेलं की समोरचा सांगतो, ‘‘एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा डिस्प्ले आहे, एकदम मख्खन चालतोय बघा.’’ आपण टचपॅडवर दोन बोटं फिरवतो, पान सरसर सरकतं आणि बाबा पैसे मोजतात.

खरी गंमत आठ दिवसांनी सुरू होते. रूमवर नोट्सची पीडीएफ उघडावी, पान वर ढकलावं, तर ते मध्येच अडखळतं. परत ढकलावं, तर नीट जातं. दहा सेकंद वाचून पुन्हा सरकवलं की पुन्हा झटका. वाचत असलेली ओळ डोळ्यांपुढून निसटते. मग सल्ले देणारे गोळा होतात. ‘‘रॅम वाढव.’’ ‘‘फॉरमॅट मार.’’ ‘‘मॉडेलच गंडलेलं आहे, देऊन टाक परत.’’ रॅमला पैसे जातात. फॉरमॅट मारताना सेमिस्टरभराचा प्रोजेक्ट उडतो. आणि एवढं करून झटका तिथंच असतो.

आमचं म्हणणं सोपं आहे. यातलं काहीही करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं निदानाला द्या. असा झटका बसतो तेव्हा लॅपटॉपची ताकद कमी पडलेली असतेच असं नाही. पुष्कळदा पडद्याचा ताल बदलत असतो, आणि तो कुणी बदलला हे आपल्याला सांगितलेलं नसतं.

सेकंदाला साठ चित्रं

लॅपटॉपचा पडदा आपल्याला स्थिर दिसतो, पण तो सारखा नव्यानं चित्र काढत असतो. सेकंदाला किती वेळा, तो आकडा म्हणजे रिफ्रेश रेट. ६० हर्ट्झच्या पडद्यावर दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र येतं, १२० वर दर ८.३ आणि १४४ वर साधारण ६.९ मिलिसेकंदांनी. आपण पान सरकवतो तेव्हा ब्राउजरला तेवढ्याच वेळात पुढचं चित्र तयार करून द्यावं लागतं. वेळेत जमलं नाही, तर पडदा जुनंच चित्र पुन्हा दाखवतो. ६० हर्ट्झवर एक चित्र हुकलं, की तेच चित्र १६.७ ऐवजी ३३.३ मिलिसेकंद थांबतं. एवढीशी खोटही सरकत्या मजकुरावर डोळ्याला टोचते.

लेझमीचा खेळ आठवा. हलगी संथ असली तरी पन्नास जणांची पावलं एकदम पडतात आणि बघायला छान वाटतं. हलगी जलद झाली तरी हरकत नाही. पण वाजवणाऱ्यानं न सांगता ठेका बदलला, तर पहिली दोन-चार पावलं चुकणारच. स्क्रोलिंगचं असंच आहे. एकसारखे ६० हर्ट्झ डोळ्याला सुखाचे वाटतात. कधी ६० आणि कधी १२० असे हेलकावे खाणारा पडदा महाग असूनही खटकतो.

आमच्या मास कॉमच्या वर्गात एडिटिंग शिकवताना हे गणित सुरुवातीलाच येतं, आणि ते लॅपटॉपपेक्षा खूप जुनं आहे. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये आला, तो हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यावर चित्रित झालेला होता. दांडा फिरवणाऱ्याचा हात एकसारखा चालला, तरच पडद्यावरची चाल सरळ दिसायची. पुढे बोलपट आले. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या ‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’. आवाज जुळवायचा तर वेग ठरलेला हवा, म्हणून सेकंदाला २४ चित्रं हे माप पक्कं झालं. आता हाच २४ चित्रांचा सिनेमा ६० हर्ट्झच्या पडद्यावर लावा. ६० भागिले २४ म्हणजे अडीच. अर्धं चित्र दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र दोनदा आणि पुढचं तीनदा दिसतं. कॅमेरा सावकाश फिरणाऱ्या दृश्यात हलके हिसके जाणवतात, ते यामुळे. १२० ला हा भागाकार बरोबर ५ येतो आणि कटकट मिटते.

ताल बदलतो कोण?

पडद्यानं आपला दर बदलायचा, ही कल्पना आधी गेमसाठी आली. गेममध्ये एक चित्र पटकन तयार होतं, दुसऱ्याला वेळ लागतो. म्हणून पडद्यानंच चित्राची वाट बघायची. एनव्हिडियानं २०१३ मध्ये ‘जी-सिंक’ जाहीर केलं. २०१४ मध्ये व्हेसा या पडद्यांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं ‘ॲडॅप्टिव्ह-सिंक’ आपल्या मानकात घेतलं.

लॅपटॉपमध्ये दुसरं कारण पुढे आलं, ते म्हणजे बॅटरी. सेकंदाला १२० वेळा चित्र काढायचं तर वीज जास्त जाते. पान नुसतं वाचत असाल तर तेवढ्या चित्रांची गरजच नाही. म्हणून २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ‘डायनॅमिक रिफ्रेश रेट’ आला. एरवी ६०, आणि पान सरकवलं किंवा पेननं लिहिलं की १२०. त्याच वर्षीच्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये ‘प्रोमोशन’ आलं, तेही दर वर-खाली करतं. त्याआधीपासून ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’ नावाची सोय आहेच. चित्र हलत नसेल तर पडदा आपल्या छोट्या मेमरीतलंच चित्र दाखवत राहतो, आणि ग्राफिक्सचा भाग तेवढा वेळ डुलकी काढतो.

या सोयी वाईट नाहीत, हे आधी स्पष्ट करू. लाइट गेल्यावर असाइनमेंट पूर्ण करायची असेल, तर वाचलेली अर्धा तास बॅटरी सोन्यासारखी असते. अडचण येते ती बदलाच्या क्षणाला. ६० वरून १२० वर उडी मारताना, किंवा डुलकीतून जागं होताना, ड्रायव्हर, पडदा आणि ब्राउजर या तिघांचं जुळावं लागतं. एकाचंही जरा मागे-पुढे झालं की पहिली काही चित्रं हुकतात. वाचून झाल्यावर पहिल्याच सरकवण्याला झटका बसतो आणि पुढे नीट चालतं, तो प्रकार बहुतेक वेळा इथला असतो.

मोटर वर काढण्याआधी

विहिरीवरची मोटर पाणी ओढत नसेल, तर आपल्याकडचा शेतकरी लगेच मोटर वर काढतो का? आधी तो कान देतो. नुसतीच गुणगुणत असेल तर एखादा फेज गेलाय का, ते बघतो. मग फ्यूज, मग स्टार्टर. मोटर फिरतेय पण पाणी येत नाही, तर फूटव्हॉल्व्ह. मोटर वर काढणं सगळ्यात शेवटी, कारण त्याला माणसं लागतात आणि पैसाही. स्वस्त आणि सोपं आधी, महाग आणि अवघड नंतर. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे चालू झाली तेच कळत नाही.

लॅपटॉपला हीच शिस्त लावा.

पहिली पायरी : एकच पान ठरवा. मजकूर भरपूर आणि व्हिडिओ-जाहिराती नसलेलं लांब पान घ्या. दर वेळी तेच पान, तोच ब्राउजर आणि तोच वेग. प्रत्येक चाचणीत पान वेगळं असेल तर तुलना होत नाही.

दुसरी पायरी : दर बांधून टाका. चार्जर लावा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग डिस्प्ले, मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले. तिथं रिफ्रेश रेटची यादी दिसते. आधी ‘डायनॅमिक’ चालू असेल तर बंद करा. काही आवृत्त्यांत त्याचं वेगळं बटण असतं. मग सरळ ६० निवडा आणि दोन मिनिटं पान सरकवा. त्यानंतर पडद्याचा सगळ्यात वरचा दर निवडा, पुन्हा दोन मिनिटं. शेवटी डायनॅमिक परत चालू करा. मॅकबुक प्रोवर डिस्प्ले सेटिंग्जमध्ये ‘प्रोमोशन’ ऐवजी ६० निवडता येतं. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा असेल तर ‘ॲडॅप्टिव्ह सिंक’ला ‘नेव्हर’ करून बघा. चाचणी करताना पान किती गुळगुळीत सरकतं, याकडे लक्ष देऊ नका. १२० वर ते जास्त गुळगुळीत दिसणारच. झटका बसतो की नाही, एवढंच बघा.

बांधलेल्या दरावर झटका गेला आणि बदलत्या दरावर परत आला, तर चोर सापडला. रॅमचे पैसे वाचले.

तिसरी पायरी : चार्जर काढा. काही लॅपटॉप बॅटरीवर येताच आपोआप ६० वर उतरतात. कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आधीपासून चालू असते. म्हणून चार्जर काढल्यावर तीच रिफ्रेश रेटची यादी पुन्हा उघडून आकडा तपासा. शिवाय क्रोममध्ये ‘एनर्जी सेव्हर’ आहे. तो बॅटरी वाचवण्यासाठी स्क्रोलिंगचा गुळगुळीतपणाच कमी करतो. तोही बंद करून बघा. फक्त लाइट गेल्यावरच पान अडखळत असेल, तर उत्तर इथं मिळण्याची शक्यता जास्त.

चौथी पायरी : ब्राउजर बदला. एकात झटका आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे पडदा निर्दोष. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करा, आणि ग्राफिक्स ॲक्सेलरेशनचं बटण कुणी बंद करून ठेवलंय का ते बघा.

पाचवी पायरी : ड्रायव्हर. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. झटका एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक’ करता येतं. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. क्षणभर पडदा काळा होतो, घाबरू नका. त्यानं झटका तात्पुरता गेला तरी शोध कुठं घ्यायचा ते कळतं. इंटेलच्या ग्राफिक्स सॉफ्टवेअरमध्ये ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’ बंद करायची सोय असेल, तर तीही एकदा वापरून बघा.

मोबाइल हाच साक्षीदार

‘‘तुला भास होतोय,’’ असं म्हणणारा मित्र प्रत्येक रूमवर एक तरी असतो. त्याला पुरावा दाखवा. पडद्याचा दर ६० वर बांधा, पान सरकवा आणि मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये पडद्याचं चित्रण करा. मोबाइल सेकंदाला खरोखर २४० चित्रं घेत असेल, तर ६० हर्ट्झच्या पडद्यावरचं प्रत्येक चित्र चार फ्रेममध्ये दिसायला हवं. १२० हर्ट्झचं दोन फ्रेममध्ये. व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे नेऊन मोजा. चार, चार, चार असं आलं तर लय बरोबर. मध्येच आठ आले, तर तिथं एक चित्र हुकलं. १२० चित्रांचं स्लो-मोशन असेल तर ६० हर्ट्झच्या पडद्यावर हाच हिशोब दोनचा. १४४ हर्ट्झला हा भागाकार पूर्ण जात नाही, म्हणून तो दर मोजण्याच्या नादी लागू नका.

यापेक्षा सोपं हवं असेल, तर ‘टेस्टयूएफओ’ नावाचं मोफत संकेतस्थळ आहे. त्यावर सरकणाऱ्या उडत्या तबकड्या दिसतात आणि ब्राउजरला मिळणारा दरही कळतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायची वेळ आली, तर हा व्हिडिओ आणि पाचही पायऱ्यांची टिपणं सोबत न्या. ‘‘स्लो चालतोय’’ म्हणणाऱ्या ग्राहकाला फॉरमॅट मिळतो. ‘‘डायनॅमिकवर झटका येतो, ६० वर येत नाही’’ असं सांगणाऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं.

पडदा सुटला, मग कोण?

चार्जर लावलाय, दर ६० वर बांधलाय, दोन ब्राउजर झाले, तरी झटका आहेच? मग रिफ्रेश रेटला उगाच बदनाम करू नका. झटका कधी बसतो, ते बघा. वीस मिनिटांनी सुरू होत असेल तर उष्णता बघा. लॅपटॉप गादीवर ठेवलाय का, खालची जाळी धुळीनं भरलीय का? फक्त टचपॅडवर होत असेल आणि माउसच्या चाकावर नाही, तर टचपॅडचा ड्रायव्हर. प्रोजेक्टर किंवा दुसरा मॉनिटर जोडल्यावरच होत असेल, तर दोन पडद्यांचे दर वेगवेगळे आहेत. दोन्ही ६० करून बघा. आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरी सतत ९० टक्क्यांच्या वर दिसत असेल, तर रॅम वाढवायला सांगणारा सिनीअर बरोबर होता, त्याला चहा पाजा.

प्रश्न एकट्याच्या सेटिंगचा नाही

इथपर्यंत झालं ते तुमच्या हातातलं. पण घरच्या ऊसबिलातून वस्तू घेणाऱ्या मुलानं दुकानातून आल्यावर पाच पायऱ्यांचा शोध घ्यावा, अशी वेळ का यावी? खोक्यावर मोठ्या अक्षरात १२० किंवा १४४ छापलेलं असतं. बॅटरीवर तो दर किती राहतो, तो आपोआप बदलतो का आणि बदल थांबवायचा कुठून, हे त्याच खोक्यावर दोन ओळींत छापायला काय हरकत आहे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा, प्रमाण आणि किंमत यांची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क आहे. पडद्याच्या आकड्यावर वस्तू विकायची असेल, तर त्या आकड्याची पूर्ण गोष्टही सांगायला हवी.

दुकानदारांकडूनही एक अपेक्षा आहे. लॅपटॉप दाखवताना चार्जर काढून दाखवा. आणि विद्यार्थ्यांनो, तुम्ही लाजू नका. ‘‘काका, जरा वायर काढा की,’’ म्हणायला काय जातंय? पडद्याचा दर स्थिर आहे की बदलता, ते बिलावर लिहून घ्या. परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी पाचही पायऱ्या करून बघा.

कॉलेजांना मागणं छोटं आहे. पहिल्या वर्षाच्या सुरुवातीला एक तास ठेवा. आपापले लॅपटॉप आणा, एकमेकांचे तपासा. कॉम्प्युटर लॅबमधल्या सरांना किंवा मॅडमना याला नवीन यंत्र लागणार नाही, बजेट लागणार नाही. बीए, बीकॉमच्या मुलांनाही त्यात घ्या. लॅपटॉप काही फक्त इंजिनिअरिंगवाल्यांचा अडखळत नाही.

हे मागणं कुंडलच्या मुलांनी करायला आणखी एक कारण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळरानावर कारखाना उभा केला. त्याची किर्लोस्करवाडी झाली. तिथं नांगर घडले, पंप घडले. ते चालवणाऱ्या, बिघडले तर उघडणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांच्या पिढ्या या परिसरात तयार झाल्या. आपल्या आज्यांना मोटरीचा आवाज ऐकून बिघाड सांगता यायचा. नातवंडांच्या हातातलं यंत्र त्यापेक्षा नाजूक आहे आणि त्याचा बिघाड आवाज करत नाही. पण शोधायची रीत तीच आहे : थांबा, बघा, एकच गोष्ट बदला, पुन्हा बघा.

एवढं करून कुणी शेवटी सरळ ६० हर्ट्झवर बांधून अभ्यास करत असेल, तर त्यात कमीपणा काही नाही. खोक्यावरचा आकडा खोक्यावर राहू द्या. वाचताना ओळ निसटत नाही ना, एवढं बघा. आणि पुढच्या वेळी रूमवर कुणी ‘‘फॉरमॅट मार’’ म्हणाला, तर त्याला आधी विचारा : ‘‘झटका नक्की कधी बसतो, ते बघितलंस का?’’